जादूचे प्रयोग एकट्याला जमतात, लोकांसमोर पकडले जातात. काय सुधारू?

वसमतचा_शिकाऊ
नमस्कार दादा, ताई. मी नववीत आहे, वसमतला राहतो. व्हिडिओ बघून जादू शिकायलोय. १५-१६ प्रयोग येतात. घरात एकटा असताना सगळे बरोबर होतात, पण चार पोरं समोर बसली की लगेच पकडतात. नाणं गायब केलं की "डाव्या हातात हाय" म्हणून ओरडतात. पत्त्यांत पान ओळखतो, तर म्हणतात "तू खालचं पान बघितलं". वरून हाताला घाम येतो आणि पत्ते चिकटतात.

गणपतीत आमच्या मंडळाच्या स्टेजवर १० मिनिटं मिळणार आहेत. हातात अडीच महिने आहेत. सामान म्हणजे १० रुपयांची नाणी, पत्त्यांचा एक कॅट, थोडी दोरी आणि कात्री. खर्च करायला फार तर दोनशे रुपये. कोणते प्रयोग ठेवू, नाण्यात नेमकं कुठे चुकतंय आणि सराव कसा करू, एवढं सांगा.

नाणेवाला (नांदेड)
आधी १५-१६ हा आकडा डोक्यातून काढ. दहा मिनिटांना तीन प्रयोग पुरतात, चौथा राखीव. बाकीचे पुढच्या वर्षी कर. एक प्रयोग बोटांना इतका पाठ हवा की तो करताना तुला समोरच्याशी बोलता आलं पाहिजे. हात काय करतोय याचा विचार करावा लागत असेल, तर तो प्रयोग अजून लोकांसमोर नेण्याजोगा झालेला नाही.

आता नाणं. तू करतोस तो बहुतेक फ्रेंच ड्रॉप असणार, म्हणजे नाणं उजव्या हातात घेतल्याचं दाखवून डाव्यातच ठेवणं. पोरं "डाव्या हातात" म्हणून ओरडतात याचा अर्थ त्यांना नाणं दिसलं असा नाही. तुझा डावा हातच त्यांना सांगतोय. नाणं दिसणं हा कोनाचा दोष आणि हातावरून कळणं हा वागण्याचा दोष. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

पहिल्यापासून बघ. डाव्या हाताचा तळवा वर आणि थोडा स्वतःकडे कललेला, बोटांची पाठ प्रेक्षकांकडे. नाणं आडवं, कडेनं धरलेलं: एका बाजूला अंगठ्याचं टोक, दुसऱ्या बाजूला तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं. उजवा हात पालथा येतो. त्याचा अंगठा नाण्याच्या खालून जातो, चार बोटं वरून. उजव्या बोटांनी नाणं झाकलं की त्याच क्षणी डावा अंगठा फक्त सैल करायचा. ढकलायचं नाही, झटकायचं नाही. नाणं आपल्या वजनानं डाव्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी पडतं. उजवी मूठ मिटते आणि उजवीकडे वर जाते. नजर तिच्याबरोबर. छातीही थोडी तिकडे वळते.

बिघडतं ते असं. नाणं उंचावरून पडलं तर तळव्यावर चपकन आवाज येतो. पडण्याचं अंतर एका बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त नको, म्हणून डावी बोटं आधीपासूनच थोडी वाकलेली ठेव. डाव्या हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेव, नाणं त्यावर वाजतं. दुसरं, नाणं पडलं की नवशिक्याचा डावा हात दगडासारखा घट्ट होतो, करंगळी ताठ होते, हात हवेत तसाच राहतो. खरंच रिकामा झालेला हात असा राहत नाही, तो खाली जातो. बोटं अर्धवट वाकलेली ठेवून हात सहज मांडीच्या बाजूला सोड. दोन बोटांच्या मुळाशी धरलेलं नाणं तेवढ्या वाकवण्यानंही पडत नाही. तिसरं, उजवी मूठ. तिच्यात काहीच नसतं म्हणून ती एकदम गच्च मिटते आणि बोटं तळव्यात रुततात. आत १० चं नाणं असेल तर मूठ तितकी मिटतच नाही, कारण त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. तेवढी पोकळी ठेवावी लागते.

म्हणून सराव खोट्यापासून सुरू करू नकोस. पहिले चार दिवस नाणं खरोखर उजव्या हातात घे, रोज पन्नास वेळा, आणि मोबाईलवर चित्रण कर. खरं घेताना खांदा कसा हलतो, डावा हात कधी खाली जातो, डोळे कधी हलतात ते बघ. नंतर नऊ वेळा खरं घे आणि दहाव्यांदा खोटं. घरातल्या कुणाला तरी ती चित्रफीत दाखव आणि खोटं कितवं ते ओळखायला सांग. ओळखता आलं नाही म्हणजे जमलं.

आरशात बघून करण्याचा एक तोटा आहे. लपवायच्या क्षणी आपण नकळत पापणी मिटतो किंवा नजर वळवतो, स्वतःलाच फसवतो आणि छान झालं असं वाटतं. आरसा हाताची ठेवण बघायला वापर, तपासणीला मोबाईल. मोबाईल समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेव, आणि एकदा तुझ्या डाव्या खांद्यामागेही ठेवून बघ. तिथून नाणं सरळ दिसतं. तुझी पोरं गोल करून बसत असतील तर त्यातलं एखादं तिथंच बसलेलं असणार.

तुझा हात लहान असेल तर १० च्या नाण्याऐवजी नवं २ रुपयांचं घे, ते २३ मिलिमीटरचं आहे. २० चं बाराकोनी नाणं २७ मिलिमीटरचंच, पण जड. सुरुवातीला नको. सराव गोधडीवर किंवा सतरंजीवर बसून कर, पडलेलं नाणं घरभर शोधत फिरावं लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मूठ उघडायची घाई करू नकोस. नाणं "घेतलं" आणि लगेच मूठ उघडून "गेलं!" म्हटलं, की पोरांचा पुढचा विचार दुसऱ्या हाताचाच असतो. मध्ये काहीतरी काम घाल. शर्टाच्या डाव्या खिशात पेन ठेव. नाणं उजव्या मुठीत "गेल्यावर" डाव्या हातानं पेन काढ आणि नाणं खिशातच सोडून दे. पेन मुठीवर दोनदा टेकव, मग मूठ एक एक बोट करून उघड. आता "डाव्या हातात" म्हणून ओरडले तर डावा हातही उघडून दाखवता येतो. खिशात आधी काही चिल्लर ठेवू नकोस, नाण्यावर नाणं वाजतं.

पत्तेवाली_जालना
नाण्याचं वर नीट सांगितलंय. पत्त्यांचं मी सांगते.

"तू खालचं पान बघितलं" असं पोरं म्हणतात, कारण तू ते चुकीच्या वेळी बघतोस. त्यांनी पान ओढल्यावर सगळ्यांचे डोळे कॅटवर असतात, तेव्हा खाली डोकावलं की संपलं. खालचं पान बघायचं ते प्रयोग सुरू झालाय हे कुणाला माहीतही नसताना. पिसून झाल्यावर कॅटची कड टेबलावर किंवा मांडीवर ठोकून सरळ करतो ना, तेव्हा तो किंचित तुझ्याकडे कलतो. अर्ध्या सेकंदात इंडेक्स, म्हणजे पानाच्या कोपऱ्यातला आकडा आणि चिन्ह, दिसतो. त्यावेळी तोंडानं काहीतरी विचार: "तुला पत्ते खेळता येतात का?" समोरचा उत्तर द्यायला तुझ्या तोंडाकडे बघतो. नंतर कॅटकडे पुन्हा बघायचं नाही.

पुढचं क्रमानं. समज खालचं पान किलवरची सत्ती आहे. पत्ते पसरून एक पान ओढू दे. आजूबाजूच्यांना दाखवायला सांग. हे टाळू नकोस: ओढणारा पान विसरला किंवा मुद्दाम खोटं बोलला तर बाकीचे साक्षीला असतात. तोवर कॅटचा वरचा अर्धा भाग उचलून टेबलावर ठेव. त्यावर त्याचं पान ठेवायला सांग. तुझ्या हातातला खालचा अर्धा त्यावर ठेव. झालं, त्याच्या पानाच्या अगदी वर किलवरची सत्ती आली. आता कॅट कितीही वेळा कापू दे, म्हणजे वरचा भाग उचलून बाजूला आणि खालचा त्यावर. कापल्यानं जोडी तुटत नाही, पिसल्यानं तुटते. म्हणून कॅट समोरच्याच्या हातात देऊच नकोस. टेबलावर ठेवून "इथून काप" म्हण. हातात दिला की पोरगं सवयीनं पिसायला लागतं.

एक अडचण क्वचित येते आणि ती आली की नवशिका गडबडतो. काप नेमका त्या दोन पानांच्या मधे पडला तर सत्ती सगळ्यात खाली जाते आणि त्याचं पान सगळ्यात वर येतं. म्हणून पत्ते एक एक करून चित्र वर वाटत जाताना पहिलं पान लक्षात ठेव. शेवटपर्यंत सत्ती आली नाही आणि शेवटचंच पान सत्ती निघालं, तर पहिलं पान त्याचं.

पान ओळखायची पद्धतही बदल. सत्ती आली, पुढचं पान त्याचं. तिथे थांबू नकोस, चेहरा न बदलता आणखी पाच-सहा पानं वाट. त्याचं पान मागे पडलेलं दिसलं की सगळ्यांना वाटतं चुकलं. आता हातातलं पुढचं पान पालथंच धर आणि म्हण, "आता मी जे पान उलटं करेन ते तुझं असेल." तो नाही म्हणणार. मग टेबलावर पडलेलं त्याचं पान उचल आणि उलटं कर. यात एक काळजी घे: वाटताना पानं एकावर एक गच्च टाकू नकोस, प्रत्येकाची कड दिसेल अशी तिरकी टाक, नाहीतर त्याचं पान ढिगात शोधावं लागेल आणि सगळं गेलं.

तुझ्या यादीत २१ पत्त्यांचा प्रयोग नक्की असेल, सगळ्यांच्या असतो. तीन ओळींत सात-सात पानं, पान असलेली ओळ दर वेळी मधे, तीनदा वाटलं की पान अकरावं. हिशोब सरळ आहे: पहिल्या वेळी पान ८ ते १४ या जागांत येतं, दुसऱ्या वेळी १० ते १२ मधे, तिसऱ्या वेळी बरोबर ११ वर. २१ मधलं अकरावं पान वरून मोजा की खालून, तेच येतं, त्यामुळे गठ्ठा उलटा झाला तरी बिघडत नाही. बिघडतं ते वाटण्यात. पानं आडवी वाटायची, एक डावीकडे, एक मधे, एक उजवीकडे. एक ओळ पूर्ण करून मग दुसरी असं वाटलं की गणित मोडतं. पण हा प्रयोग स्टेजवर नको. ६३ पानं वाटेपर्यंत मागची माणसं उठून प्रसादाच्या रांगेत जातील. घरी दोन-तीन जणांपुरता ठेव.

घामाबद्दल: पावडर लावू नकोस. घामात तिचे गोळे होतात, पत्त्यांवर पांढरे डाग पडतात आणि नाण्यावर बोटांचे ठसे उमटतात. सुती फडकं खिशात ठेव, आधी हात साबणानं धुऊन नीट कोरडे कर. पत्ते प्लास्टिकचा लेप असलेले घे. नुसत्या जाड कागदाचे भाद्रपदातल्या दमट हवेत फुगतात आणि पसरताना दोन-दोन चिकटून येतात. सरावाला एक कॅट आणि कार्यक्रमाला दुसरा नवा, एवढाच खर्च पत्त्यांवर कर. नवा कॅट आदल्या दिवशी फोडून अर्धा तास पिस, नाहीतर तो फार निसरडा लागतो.

वसमतचा_शिकाऊ
ताई, दादा, लई उपयोग झाला. चित्रण करून बघितलं. माझा डावा हात खरंच वर राहायलाय, आणि नाणं पडताना मी त्याच्याकडेच बघायलोय. आणखी एक, पोरं "पुन्हा कर, पुन्हा कर" म्हणतात. नाही म्हटलं तर म्हणतात येत नाही. आणि स्टेजवर नाणं मागच्यांना दिसणार का?

दोरीधागा (लातूर)
स्टेजवर नाणं दिसत नाही. दहा-बारा फुटांपलीकडे १० चं नाणं म्हणजे नुसती चमक, आणि मंडळाच्या मांडवात पहिली सतरंजीच तेवढ्या अंतरावर असते. नाणं आणि २१ पत्ते दोन्ही पारावरचे, ओट्यावरचे प्रयोग. स्टेजला दोरी घे. तुझ्याकडे दोरी आणि कात्री आहेच.

"पुन्हा कर" चं उत्तर एकच: तोच प्रयोग लगेच पुन्हा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला शेवट माहीत नसतो, दुसऱ्यांदा माहीत असतो आणि तो थेट हाताकडे बघतो. प्रसिद्ध जादूगार हुदिनी म्हणायचा की कुठलाही प्रयोग तीनदा दाखवला तर मी पकडेन. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगारानं त्याला एकच पत्त्याचा प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवला आणि तो पकडू शकला नाही. पण तो व्हर्नन होता, वर्षानुवर्षं पत्तेच हातात असलेला माणूस. तू "याच्याहून भारी दाखवतो" म्हण आणि पुढच्या प्रयोगाकडे जा. राखीव चौथा प्रयोग त्यासाठीच.

आता दोरी. विणलेली सुती दोरी घे, करंगळीच्या जाडीची, पांढरी, दोन मीटर. बहुतेक अशा दोरीच्या आत सुताचा गाभा असतो. एका टोकाला तो चिमटीत धरून सगळा ओढून काढ. मग दोरी मऊ पडते, हवी तशी वाकते. नायलॉन नको, ती ताठ राहते आणि गाठ सुटते. कात्री शिवणकामाची, धारदार. बोथट कात्रीत दोरी चावली जाते, कापली जात नाही, आणि स्टेजवर तीन वेळा दाबावं लागलं की रंग जातो. दोन सुती दोऱ्या तुझ्या बजेटात बसतात.

डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत दोरीची दोन्ही टोकं धर, टोकं अंगठ्यावर चार-चार बोटं वर, मधला भाग खाली लोंबता. सोयीसाठी एका टोकाला "अ" म्हणू, दुसऱ्याला "ब". उजव्या हातानं खालचा मधला वळसा उचलून वर डाव्या हाताकडे आण, जणू तो अंगठ्यावर दाखवणार आहेस. उजवा हात डाव्या बोटांच्या आड गेला की मधला वळसा डाव्या मुठीत सोड आणि त्याच क्षणी "अ" टोकाच्या दोरीचा, अंगठ्याच्या लगेच खालचा भाग त्या वळशातून चिमटीनं ओढून अंगठ्यावर वर काढ. लोकांना वाटतं वर आलेला वळसा दोरीचा मध्य आहे. प्रत्यक्षात तो "अ" टोकाजवळचा तुकडा आहे आणि खरा मध्य मुठीत त्यातच अडकून बसलाय.

वळसा काप. आता अंगठ्यावर चार टोकं दिसतात. "ब" आणि त्याच्या शेजारचं नवं कापलेलं टोक खाली सोड. वर दोन टोकं, खाली दोन लांब दोऱ्या: अगदी दोन तुकडे झाल्यासारखं दिसतं. वरच्या दोन टोकांची साधी गाठ मार. ती गाठ म्हणजे तो आखूड तुकडा अख्ख्या दोरीच्या मध्यावर बांधलेला. दोरी दोन्ही हातांनी ताणून दाखव. मग "ही गाठ काही बरी दिसत नाही" म्हणत गाठीचे तुकडे कात्रीनं छाटत जा. शेवटचा तुकडा पडला की दोरी अखंड.

दर वेळी साधारण १५ ते २० सेंटिमीटर दोरी जाते. दोन मीटरची दोरी पाच-सहा प्रयोग पुरते, नंतर ती इतकी आखूड होते की मध्य कुठे ते डोळ्यांना कळतं. म्हणून सरावात कापायचंच नाही. वळसा वर काढण्यापर्यंतच कर, दिवसाला तीस-चाळीस वेळा. आठवड्यातून एकदा खरोखर काप.

एक बारीक गोष्ट, जी हुशार पोरगं पकडतं: दोरीची टोकं विसकटू नयेत म्हणून आपण चिकटपट्टी किंवा फेव्हिकॉल लावतो. मग चार टोकांपैकी दोन पट्टीची आणि दोन ताजी कापलेली दिसतात. टोकांना काही लावू नकोस. सुरुवातीलाच "ही टोकं जरा खराब झालीत" म्हणून दोन्हींकडून थोडं छाट. चारही टोकं सारखी दिसतात आणि कात्री चालते हेही लोकांना कळतं.

गाठ फार आवळू नकोस. आवळली की आतली अखंड दोरी तिथे मुडपते आणि छाटल्यावरही मधे वाक राहतो. छाटताना कात्री गाठीच्या बाहेरच्या बाजूला, लहान लहान. घाईत खालच्या दोरीला कात्री लागली तर दोरी खरोखर दोन होते आणि तिथून परत येता येत नाही.

स्टेजचं थोडं. मांडवात लेकरं स्टेजच्या कडेला, कधी पडद्यामागेही चढून बसतात. दोरी समोरून आणि दोन्ही बाजूंनी चालते, मागून नाही. कार्यकर्त्याला आधीच सांगून मागची पोरं पुढे बसव. माईक हातात धरून दोरी होत नाही, स्टँड माग आणि तोंडाच्या उंचीला आधी लावून घे. दिव्यांचा झोत पाठीमागून येत असेल तर मुठीतली आकृती उजेडात दिसते. संध्याकाळी एकदा दिवे लावून मित्राला समोर आणि बाजूला उभं करून बघ. वारा असतो, पत्ते टेबलावर मोकळे ठेवू नकोस.

बोलणं कागदावर लिही, एका प्रयोगाला एक पान, पण घरी बोलतोस त्याच भाषेत. व्हिडिओतलं हिंदी किंवा इंग्रजी बोलणं पाठ करून वसमतच्या स्टेजवर म्हटलं की ते तुझं वाटत नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग मराठीतून चालत. आणि "माझ्या हातात काही नाही" असं कुणी विचारल्याशिवाय म्हणू नकोस. साधी दोरी धरली तर ती साधीच वाटते, "ही साधी दोरी आहे" म्हटलं की लोक तिच्याकडे निरखून बघायला लागतात.

वेळ मोज. दहा मिनिटं मिळाली तर आठ मिनिटांचं बसव. जादूगार पी. सी. सरकारांनी १९५६ मध्ये बीबीसीवर थेट प्रक्षेपणात मुलीला करवतीनं कापण्याचा प्रयोग केला. वेळ संपली, प्रक्षेपण तिथेच तुटलं आणि मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. सरकारांचं त्यानं नाव झालं, पण मंडळाच्या स्टेजवर सूत्रसंचालकानं गाठ छाटायच्या आधी माईक घेतला तर लोकांना फक्त कापलेली दोरी दिसेल. क्रम असा ठेव: सुरुवातीला रुमालाचा किंवा तुला येतो तो एक मिनिटाचा झटपट प्रयोग, मग समोरून एकाला बोलावून पत्त्याचा, शेवटी दोरी. पत्त्याच्या वेळी त्याला पान वर धरून सगळ्यांना दाखवायला लाव, तू तोंड फिरव. तेवढ्यानं मागच्या माणसालाही प्रयोगात जागा मिळते.

विज्ञानताई (परभणी)
वरचे तिन्ही सल्ले पक्के आहेत. मला फक्त काय करू नये ते सांगायचंय, कारण व्हिडिओत हेही भरपूर दिसतं.

नारळातून आपोआप जाळ, जिभेवर कापूर, ब्लेड गिळणं, पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन: यातलं काहीही नको. शेवटच्या मिश्रणाला पेट घ्यायला किती वेळ लागेल हे दाण्याच्या बारीकपणावर आणि हवेच्या उष्णतेवर ठरतं. बारीक कुटलेलं असेल किंवा दिवस तापलेला असेल तर ते अंदाजाआधी भडकतं. मांडवाला कापड, आत थर्माकोल आणि समोर लेकरं असताना हा खेळ मांडूच नये. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे प्रयोग दाखवतात ते चमत्कारामागचं विज्ञान उलगडून सांगण्यासाठी, आणि ती माणसं त्यात तयार असतात.

दुसरं, सुरुवातीलाच एक वाक्य स्पष्ट म्हण: "ही हातचलाखी आहे, सराव करून कुणालाही येते." "मंत्र म्हणतो", "देवाची कृपा आहे" असं गंमत म्हणूनसुद्धा नको. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. करामतीला चमत्कार म्हणून खपवायचं आणि लोकांना फसवायचं, त्याच्याविरुद्ध तो आहे. करमणुकीचा प्रयोग करमणूक म्हणून दाखवणाऱ्याला त्याची अडचण नाही. पण कायद्यापेक्षाही, गणपतीच्या मांडवात तुझ्यासमोर बसलेल्या एखाद्या आजीला ते खरं वाटू शकतं. एका वाक्यानं तो घोळ टळतो.

आणि प्रयोगासाठी समोरून कुणाला बोलावलंस तर त्याची फजिती होईल असं काही करू नकोस. लहान लेकरू बोलावलंस तर त्याला "चूक, चूक" म्हणू नकोस. ते परत जाताना त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला सांग.

वसमतचा_शिकाऊ
ताई, ते वाक्य पहिलंच लिहून ठेवलं. दोरी आणली, गाभा काढला. चार दिवस करायलोय. एका ठिकाणी अडलो: दहातून तीन-चार वेळा अंगठ्यावर खरा मधला वळसाच वर येतो. किंवा दोन्ही वळसे वर येतात आणि वेगळे दिसतात. कामून होत असेल?

दोरीधागा (लातूर)
तू उजव्या हातानं मधला वळसा चिमटीत, म्हणजे अंगठा-तर्जनीच्या टोकात धरून आणत असशील. मग वर आल्यावर चिमूट रिकामी नसते. "अ" ची दोरी पकडायला तुला मधला वळसा आधी सोडावा लागतो, तेवढ्यात तो घसरतो किंवा त्याच्यासकट ओढला जातो.

मधला वळसा चिमटीत धरूच नकोस. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्या वळशातून आत घाल आणि वळसा त्या दोन बोटांवर, दुसऱ्या पेराच्या मागे, नुसता लोंबू दे. चिमटीची टोकं मोकळी राहतात. वर डाव्या हातापाशी पोचलास की मोकळ्या टोकांनी "अ" ची दोरी डाव्या अंगठ्याच्या खाली दोन बोटं अंतर सोडून पकड, आणि चिमूट सरळ वर ने. मधला वळसा बोटांवरून आपोआप घसरून डाव्या मुठीत राहतो आणि "अ" चा वळसा त्यातून वर येतो. डावा अंगठा त्या क्षणी खाली दाबायचा, मधला वळसा त्याच्याखाली चेपला गेला पाहिजे. दोन्ही वळसे वर येतात ते हा दाब उशिरा पडल्यामुळे.

वर काढलेला वळसा दोन इंचांपेक्षा मोठा नको. जास्त ओढलास तर "अ" चं टोक आखूड होऊन अंगठ्याखाली शिरतं आणि कापल्यावर चार टोकांऐवजी तीनच दिसतात.

सरावाला एक सोय कर. दोरीच्या बरोबर मध्यावर निळ्या पेनानं बोटभर खूण कर. वर आलेल्या वळशावर निळं दिसलं म्हणजे चुकलं. आधी पाचेक दिवस सावकाश, एकेक हालचाल मोजत. सलग वीस वेळा निळं दिसलं नाही की मग वेग वाढव, आणि त्यानंतरच खूण नसलेली दोरी घे. खुणेची दोरी आणि कार्यक्रमाची दोरी वेगवेगळ्या पिशवीत ठेव.